नागपूर ते पचमढी: श्रावणातला रस्ता, धबधबे आणि मोहफुलांची दारू

नागपूरहून पचमढीला जाणारा रस्ता सावनेर, सौंसर, रामाकोना, छिंदवाडा, परासिया, तामिया आणि मटकुली या गावांवरून सातपुडा चढत जातो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. कुठेही न रेंगाळता निघाले तर दिवस मावळायच्या आत पचमढी गाठता येते. पण वाटेत थांबत, खात आणि धबधब्यांपर्यंत पायी उतरत जायचे तर मध्ये मुक्काम करावेच लागतात. प्रस्तुत लेखिका आणि तिचा नवरा यांनी हा प्रवास नागपंचमीनंतरच्या श्रावणात स्वतःच्या गाडीने केला. पुढचे वर्णन त्या प्रवासाला धरून आहे.

गावोगावची बिअर चाखत, तिथलेच जेवत आणि डोंगर पायाखाली घालत हिंडण्याची रीत युरोप-अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. महाराष्ट्रात तिला वाव मिळाला तो पुण्यात २००९ साली डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी सुरू झाल्यावर. सातपुड्यात आणि झाडीपट्टीत मात्र गावचे म्हणावे असे पेय एकच, मोहफुलांची दारू. ती घरच्या मागच्या अंगणात गाळतात, घरातले आणि पाहुणे मिळून पितात आणि देवाला, पूर्वजांना आधी वाहतात. त्यामुळे इथे चव घेत हिंडणाऱ्याला दुकान शोधून उपयोग नाही, ओळखीचे घर शोधावे लागते.

नागपूरहून अशा प्रवासाला उत्तरेकडेच का जायचे, याचे उत्तर दारूबंदीच्या नकाशात आहे. दक्षिणेला वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या सेवाग्राममुळे १९७० च्या दशकापासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ साली उठवण्यात आली. ज्या पट्ट्यात मोहाची झाडे सर्वांत दाट, तिथेच कायदा सर्वांत कडक, अशी ही स्थिती आहे. बाकी महाराष्ट्रातही १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजवर लागू असून प्यायला परवाना लागतो, आणि वयाची अट बिअरला २१ तर कडक मद्याला २५ वर्षांची आहे. मध्य प्रदेशात ही अट सरसकट २१ आहे. शिवाय तिथे अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरती, ठराविक मर्यादेत, मोहाची दारू गाळण्याची सवलत आहे. ती विकण्याची मुभा नाही. सवलतीचा हा अर्थ नीट ध्यानात ठेवला पाहिजे. रस्त्याकडेला पिशवीत किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत मिळते ती दारू या सवलतीत बसत नाही आणि ती कशापासून केली हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईत मालवणीला २०१५ साली मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. अनोळखी हातची दारू पिऊ नये, हा नियम या जोडप्याने निघतानाच ठरवला होता. दुसरा नियम असा, की ज्या संध्याकाळी पेला हाती घ्यायचा त्या संध्याकाळी गाडी हलवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. घाटाचा रस्ता तर त्याआधीच शिक्षा देतो.

प्रवासाची सुरुवात नागपूरच्या तर्री पोह्यांनी होते. पहाट सरता सरता गाड्या लागतात. मऊ पोह्यांवर काळ्या चण्यांचा पातळ, लालभडक रस्सा, त्यावर तेलाचा तवंग, वरून चिरलेला कांदा, सांबार आणि लिंबू. नागपूरकर सांबार म्हणतो ती कोथिंबीर. ही तर्री सपक असली तर गाडीवाल्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुढच्या गाडीवर जाते. नाकातून पाणी आले की नाश्ता झाला असे समजून सावनेरचा रस्ता धरावा.

सावनेरनंतर राज्याची हद्द ओलांडली तरी बोली बदलत नाही. सौंसर आणि पांढुर्णा हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याच वेळी मध्य प्रदेशाची तोवरची राजधानी असलेले नागपूर विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि दुकानातले बोलणे वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे, हे चित्र रामाकोन्यापर्यंत दिसते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा आहेत. श्रावणात फळ हिरवे आणि लिंबाहून थोडे मोठे असते. पावसाची सर आली म्हणून हे दोघे एका टपरीत शिरले, तर मालकाने बाक पुसून दिला आणि म्हणाला, “बसा न ताई, घाणा उतरतच आहे.” घाणा आलूबोंड्यांचा होता. सोबत मीठ लावून तळलेली मिरची आणि आल्याचा चहा. इतक्या साध्या खाण्याला एवढी चव येते ती भूक, पाऊस आणि कढईतून थेट ताटात, या तिन्ही गोष्टी जुळल्याने.

रामाकोन्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. या डोंगरांत कुकडीखापा हा सुमारे ६० फुटांचा धबधबा आहे. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज रेल्वे याच डोंगरांतून जात असे. ती २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. जुने प्रवासी गाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या पावसाळी ओहोळांची आठवण अजून काढतात. घाटातला खडक काळा बेसाल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि चांगल्या बुटाचा तळही टिकत नाही. जिथे गवत आहे तिथे पाय टाकावा, ओल्या सपाट दगडावर टाकू नये, हे गुराख्यांकडून शिकण्यासारखे आहे. पाणी गढूळ, भरपूर आणि मोठ्या आवाजाने पडते. बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, म्हणून तिथे कोणी फारसे बोलत नाही.

घाट चढला की मक्याचा प्रदेश सुरू होतो. छिंदवाडा जिल्हा मक्यासाठी प्रसिद्ध आहे आणि श्रावण-भाद्रपदात रस्त्याकडेला भुट्ट्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात. दाणा दुधाळ हवा. नखाने टोचले की पांढरा रस यायला हवा, तरच भाजल्यावर तो गोड लागतो. शेगडीवाली बाई भुट्ट्यावरची साले सोलून त्यांचीच मूठ करते, लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून दाण्यांवर घासते आणि गिऱ्हाईकाच्या हातात देते. छिंदवाडा शहरात मुद्दाम थांबण्याजोगे फार नाही. पुढे परासियाच्या कोळसा खाणी मागे टाकून रस्ता तामियाकडे वर चढू लागतो.

तामिया हे या प्रवासाचे खरे ठिकाण. ब्रिटिशांच्या काळातल्या विश्रामगृहाच्या मागे जमीन एकदम संपते आणि खाली जंगलाचा खोल पसारा उघडतो. ढग खालून वर येतात, कठड्यावरून पलीकडे जातात आणि दहा मिनिटांत सगळे पुन्हा दिसू लागते. जवळच छोटा महादेव ही गुहा आहे. पायऱ्या उतरून गेले की पिंडीजवळच एक लहान धबधबा पडतो. तामियाच्या परिसरातच पातालकोट आहे. सुमारे ७९ चौरस किलोमीटरच्या या खोल दरीत भारिया आणि गोंड लोकांची बारा गावे आहेत. दुधी नदी याच दरीत उगम पावते. २०१९ साली मध्य प्रदेश सरकारने पातालकोटला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. पूर्वी खाली उतरायला वेली आणि पाऊलवाटाच होत्या. आता काही गावांपर्यंत रस्ता गेला आहे. तरी रातेडच्या कड्यावरून खाली पाहताना घरांची कौले एवढीशी दिसतात आणि माणूस दिसतच नाही. डोंगरातून निघणारे झरे पावसाळ्यात जागोजागी कड्यांवरून कोसळतात. त्यांतल्या बहुतेकांना नाव नाही आणि त्यांच्यापर्यंत वाटही नाही. लांबूनच पाहावेत.

तामिया तालुक्यातल्या साबरवानी गावात आदिवासी कुटुंबांनी पाहुण्यांसाठी मातीची घरे बांधली आहेत. २०२४ साली केंद्र सरकारच्या उत्कृष्ट पर्यटन गाव स्पर्धेत या गावाला पुरस्कार मिळाला. अशा घरांमध्ये जेवण चुलीवरचे असते. मक्याची जाड भाकर, कुटकीचा भात, पातळ डाळ, टोमॅटो भाजून वाटलेली चटणी आणि पावसाळ्यात परसातली किंवा रानातली पालेभाजी. कुटकीचा दाणा मोहरीएवढा असतो. भात मोकळा होतो, पण डाळ घातल्याबरोबर ती पिऊन घेतो, म्हणून वाढणारी दर चार घासांनी डाळ विचारत राहते. भाकरीला तूप लावण्याची पद्धत नाही; चुलीत भाजल्यावर राख झटकून ती तशीच ताटात येते. त्या धुराच्या वासातच तिची अर्धी चव असते.

मोहफुलांची ओळख अशाच एका घरी झाली, आणि ती आधी अन्न म्हणून झाली. मोहाचे झाड फाल्गुन-चैत्रात पाने गाळते आणि फुलते. फुले रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात. मलईच्या रंगाची, गरदार, नुसत्या पाकळ्यांची ती फुले बायका-मुले उजाडताच टोपल्यांत वेचतात. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची जुनी पद्धत रानवणव्याला कारण होते, म्हणून हल्ली झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्यावर वनखाते आणि संस्था भर देतात. वाळवल्यावर फूल तांबूस तपकिरी होते, मनुकेसारखे चिकट होते आणि वर्षभर टिकते. वजनाच्या निम्म्याहून अधिक त्यात साखरच असते. दुष्काळात या फुलांनी माणसे जगवली. घरच्या आजीने ती खापरावर भाजून, तिळाबरोबर उखळात कुटून त्याचे लाडू वळून दाखवले. गूळ घालावाच लागत नाही. दारूच्या बदनामीत या झाडाचे हे अन्नपण झाकले गेले, याचे वाईट वाटते. शाळेतल्या मुलांच्या खाऊत मोहाचे लाडू असायला हवेत असे प्रस्तुत लेखिकेचे ठाम मत आहे.

दारूची कृती त्याच अंगणात पाहता आली. वाळलेली फुले मडक्यात पाणी घालून भिजत टाकतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, पावसाळी गारव्यात आठवडाभरात ती आंबतात. विदर्भात याला सडवा म्हणतात. भट्टीवर छापा पडल्याच्या बातम्यांत नेहमी येतो तोच शब्द. सडव्याचे मडके चुलीवर चढवतात. त्यावर तळाला भोके असलेले दुसरे मडके, त्याच्या आत मधोमध एक लहान भांडे, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याने भरलेले गोल बुडाचे पातेले. सांधे ओल्या मातीने लिंपून टाकतात. वाफ भोकांतून वर येते, थंड पातेल्याच्या बुडाला लागून तिचे थेंब होतात आणि ते आतल्या भांड्यात ठिबकतात. वरचे पाणी तापले की काढून नवे घालायचे. आजी हे पाणी किती वेळा बदलले ते बोटांवर मोजत होती, कारण जितकी पाणी जास्त तितकी दारू सौम्य. पहिल्या धारेची कडक, हे मराठीत म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. चूल सारखी मंद ठेवावी लागते. जाळ वाढला तर सडवा उतू जातो आणि वास करपट येतो. तिने पेटते लाकूड दोनदा मागे ओढले, एकदाही घाई केली नाही.

द्रोणात ओतल्यावर तिने आधी चार थेंब जमिनीवर सांडले आणि मग पाहुण्यांपुढे द्रोण धरला. दारू पाण्यासारखी स्वच्छ होती. नाकाला आधी फुलांचा गोडसर वास येतो, जिभेवर थोडा धूर, आणि घशाखाली उतरल्यावर ऊब. साखर घातलेल्या मद्याचा चिकटपणा तिला नसतो. बेकायदा हातभट्टीत गूळ आणि नवसागर घालून जे तयार होते त्याच्याशी तिचे काही नाते नाही, आणि महाराष्ट्रातल्या ठेक्यांवर मिळणाऱ्या संत्रा चवीच्या देशी दारूशीही नाही; ती उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून होते. नवऱ्याने दुसरा द्रोण घेतला, लेखिकेला एकच पुरे झाला. पैशांचा विषय निघाला तेव्हा आजीने राहण्या-जेवणाचे घेतले, द्रोणाचे नाही. ते तिच्या लेखी पाहुणचारात मोडत होते.

या पेयाला सरकारदरबारी मान मिळायला फार काळ लागला. इंग्रजांना अबकारीचे उत्पन्न हवे होते, म्हणून घरगुती गाळणीवर बंधने आली. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहफुलांसंबंधी वेगळा कायदाच झाला. स्वातंत्र्यानंतरही फूल गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध चालू राहिले. महाराष्ट्राने ते २०२१ साली सैल केले. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हेरिटेज मद्याचे धोरण आणले, आणि त्यातून अलीराजपूरचे ‘मोंड’ व डिंडोरीचे ‘मोहुलो’ ही आदिवासी बचत गटांनी बनवलेली बाटलीबंद मोहाची दारू बाजारात आली. गोव्यात २०१८ साली डेस्मंडजी या नावाने मोहाचे मद्य विकायला आले होते. बाटलीचा फायदा वेचणारीपर्यंत पोहोचला तरच या धोरणाला अर्थ आहे. फुलाचा भाव अजूनही आठवडी बाजारातला व्यापारीच ठरवतो.

तामियाहून मटकुलीला उतरून पुन्हा चढले की पचमढी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०६७ मीटर. शेजारचे धूपगड सुमारे १,३५० मीटरचे, सातपुड्यातले सर्वांत उंच. नागपूरच्या माणसाला हे गाव परके नाही. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर पदच्युत झालेले अप्पासाहेब भोसले १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटून याच महादेवाच्या डोंगरांत गोंड जमीनदारांच्या आश्रयाला आले होते. कॅप्टन फोर्सिथने १८६२ मध्ये इथे बायसन लॉज बांधले, आणि पुढे मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला येऊ लागले. त्याहून जुने नाते यात्रेकरूंचे. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या गुहेपर्यंत चिखलातून चालणारे बहुसंख्य लोक विदर्भातले असतात. व्याघ्र प्रकल्पातली नागद्वारची वाट वर्षातून तेवढेच दिवस उघडते. विदर्भातली मंडळे जंगलात चुली मांडून येईल त्याला जेवू घालतात.

पचमढीचा खडक वालुकाश्म आहे, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातला. तो सरळ तुटतो, म्हणून इथले धबधबे सिल्लेवानीच्या ओहोळांसारखे टप्प्याटप्प्याने न उतरता कड्यावरून थेट पडतात, आणि वाळूतून गाळलेले पाणी भर पावसातही बरेच निवळ असते. जमुना प्रपात, म्हणजे बी फॉल, गावाला पिण्याचे पाणी पुरवतो. त्याच्या तळाशी जायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि चढताना गुडघे बोलतात. पांडव गुंफांच्या बाजूने रानात चालत गेले की अप्सरा विहार हे उथळ कुंड लागते. तिथला झोत जेमतेम ३० फुटांचा, पण त्याखाली उभे राहता येते. तेच पाणी थोडे पुढे जाऊन सुमारे ३५० फूट खाली पडते, तो रजत प्रपात. तो समोरच्या कड्यावरूनच पाहायचा असतो. धुके होते म्हणून हे दोघे कठड्यापाशी बसून राहिले. तासाभराने धुके फाटले तेव्हा पाण्याची ती सरळ पांढरी रेघ तळाला पोहोचायच्या आत वाऱ्याने विखुरताना दिसली. बऱ्याच ठिकाणी खासगी गाडी नेता येत नाही. वनखात्याचा परवाना आणि भाड्याची जिप्सी लागते.

परतीला छिंदवाड्याहून मोहखेडकडे वळावे. वाटेत देवगडचा किल्ला आहे. इथल्या गोंड घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने १७०२ साली नागपूर वसवले, हे शहरातल्या फार थोड्यांना माहीत असते. पुढे मोहखेड-पांढुर्णा रस्त्याच्या बाजूला नारायणघाटाजवळ कन्हान नदीवर लिलाहीचा धबधबा आहे. रुंद, तांबूस आणि जोरकस. हेच पाणी पुढे नागपुरात नळाला येते. पांढुर्ण्यात जेवण पुन्हा आपल्या वळणाचे मिळते, पाटवडी-रस्सा आणि ज्वारीची भाकर. जवळच्या मुलताईला, तापीच्या उगमाच्या गावी, १ एप्रिल २०२५ पासून दारूविक्री बंद आहे.

नागपुरात पोहोचल्यावर रात्रीचे जेवण सावजीचे. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचे हे मटण जवसाच्या तेलात आणि काळ्या मसाल्यात शिजते, आणि त्यापुढे प्रवासातली प्रत्येक चटणी सौम्य वाटते. या रस्त्याला योग्य काळ मध्य जुलै ते सप्टेंबर. कुकडीखापा आणि लिलाही पावसावर अवलंबून असून दिवाळीनंतर रोडावतात. जमुना प्रपाताला उन्हाळ्यापर्यंत पाणी राहते. मोहाची ताजी फुले पाहायची असतील तर मार्चच्या अखेरीस, उजाडायच्या आधी तामियात पोहोचावे.